चिन्ह आधी लहान काढा: मुलांच्या शैक्षणिक सॉफ्टवेअरच्या बोधचिन्हाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही पाच जण मिळून चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी मोजणी, अक्षरओळख आणि आकार शिकवणारं मोफत सॉफ्टवेअर तयार करतो आहोत. बोधचिन्हात उघडं पुस्तक, त्यावर पृथ्वीगोल, तीन मुलं, पेन्सिल आणि मागे इंद्रधनुष्य आहे. मोठ्या पडद्यावर छान दिसतं, फोनवर मात्र नुसता रंगीत गोळा होतो. काय चुकलं?

हे चित्र मुखपृष्ठाचं आहे, तिथे ते जरूर वापरा. बोधचिन्हाचं काम वेगळं. चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. पडद्यावरच्या वीस-पंचवीस चित्रांतून आपलं चित्र त्याला नुसत्या आकारावरून हुडकायचं असतं. खाली लिहिलेल्या नावाचा त्याला काही उपयोग नाही. म्हणून काम सर्वांत लहान मापापासून सुरू करा आणि मोठ्या मापाकडे जा. बहुतेक गट नेमकं उलटं करतात.

ब्राउझरच्या टॅबवर चिन्हाला १६ बाय १६ पिक्सेल मिळतात, म्हणजे सगळे मिळून २५६ चौकोन. ५१२ एककांच्या कॅनव्हासवर काढलेलं चित्र तिथे आणलं, की मूळच्या ३२ एककांचा एक पिक्सेल होतो. तुमच्या पेन्सिलीची कड १० एकक जाड असेल, तर तिच्या वाट्याला पिक्सेलचा तिसरा हिस्साही येत नाही. ती शेजारच्या रंगात मिसळते आणि मळकट दिसते. फोनवर किंवा संगणकाच्या डेस्कटॉपवर ४८ पिक्सेल मिळाले, तरी एक पिक्सेल जवळजवळ ११ एककांचा. पाच वस्तू, तीन चेहरे आणि सात रंग एवढ्या जागेत मावणारच नाहीत.

चौकटीच्या वहीत १६ बाय १६ चौकोन आखा आणि फक्त काळ्या पेन्सिलीने, चौकोन पूर्ण भरून किंवा पूर्ण मोकळा ठेवून, चिन्ह काढून पाहा. अर्धा चौकोन रंगवायचा नाही. अशी पंधरा-वीस चित्रं काढायला तासभर लागतो. त्यातली दोन-तीन हातभर अंतरावरूनही ओळखू येतात. पुढचं काम तेवढ्यांवरच करा. संगणक त्यानंतर उघडा.

पाच वस्तूंतली कोणती ठेवायची, हा प्रश्न उरतो. पुस्तक, पेन्सिल, पदवीदानाची टोपी, पेटलेला दिवा ही चिन्हं ‘शिक्षण’ म्हणतात, पण तुमचं सॉफ्टवेअर कोणतं ते सांगत नाहीत. त्यापेक्षा मूल तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बोटाने काय करतं ते बघा. मणी सरकवत असेल तर तारेवरचे तीन मणी, त्यातला एक बाजूला सरकलेला. आकार जुळवत असेल तर खाचेत बसायला निघालेला त्रिकोण. क्रिया दाखवणारं चिन्ह मुलाला आठवतं, कारण ती क्रिया त्याने स्वतः केलेली असते.

एक इशारा इथेच देतो: जिगसॉ कोड्याचा तुकडा घेऊ नका. ब्रिटनमधल्या स्वमग्न मुलांसाठीच्या संस्थेने तो १९६३ साली चिन्ह म्हणून घेतला आणि पुढे जगभर तो स्वमग्नतेशी जोडला गेला. आज त्याच्याविषयी त्या समाजातही मतभेद आहेत. आरोग्याचे धडे असतील तर पांढऱ्यावर लाल क्रॉसही नको. जिनिव्हा करारांखाली ते संरक्षित चिन्ह आहे, सजावटीसाठी वापरता येत नाही.

प्रश्न: प्राणी हवाच असा गटाचा आग्रह आहे. कोणता घ्यावा आणि कसा काढावा?

प्राणी चालेल, पण पात्र आणि बोधचिन्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी ठरवून टाका. पात्र सॉफ्टवेअरच्या आत हात-पाय हलवतं, उड्या मारतं. बोधचिन्हात त्याचं फक्त डोकं येतं. सगळं शरीर घेतलं, तर तोंडाला चिन्हाच्या उंचीचा जेमतेम तिसरा भाग मिळतो आणि मूल ओळखतं ते तोंडावरूनच.

मोठं डोकं, मोठे आणि जरा खाली बसवलेले डोळे, उंच कपाळ, छोटी हनुवटी. ही ठेवण माणसाला लोभस वाटते, हे कॉनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं. डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेवर किंवा तिच्या किंचित खाली ठेवा. माप असं धरा: ४८ पिक्सेलवर डोळा निदान ४ पिक्सेलचा राहिला पाहिजे, म्हणजे ५१२ च्या कॅनव्हासवर सुमारे ४३ एकक. बुबुळातला पांढरा ठिपका १५ एककांचा असेल तर तो लहान मापात नाहीसा होतो आणि डोळा निर्जीव दिसतो. ठिपका मोठा करा किंवा काढूनच टाका.

उघडं तोंड टाळा. दात आणि जीभ दाखवणारं हसू मोठ्या मापात गोड दिसतं, पण २४ पिक्सेलवर त्याचं नुसतं काळं भोक उरतं. भुवया आत उतरत्या असतील तर लहान मापात प्राणी रागावलेला वाटतो. मुलांच्या चिन्हात ही चूक फार होते, आणि काढणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण तो सतत मोठं चित्र बघत असतो.

प्राणी निवडताना तो पूर्ण काळा भरून बघा. सशाचे कान, हत्तीची सोंड, कासवाची पाठ काळ्या छायेतही कळतात. अस्वल, मांजर, कुत्रा, वाघ यांची डोकी काळी केली की जवळपास सारखीच. घुबड शिक्षणाच्या चिन्हांत इतकं वापरून झालंय, की वेगळं दिसायला दुप्पट कष्ट पडतील. कासवाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. १९६७ साली सिमोर पेपर्ट, वॉली फॉइरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाचीच प्रोग्रामिंग भाषा तयार केली. तिच्यात पुढे आज्ञेप्रमाणे चालणारं कासव आलं. तेव्हापासून संगणक शिकवणाऱ्यांच्या लेखी कासव म्हणजे प्रोग्रामिंग. तुमचं सॉफ्टवेअर गणिताचं असेल तर ही ओळख आड येईल.

दुसऱ्याचा प्राणी उसना घेताना अटी वाचा. लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीचा पेंग्विन टक्स १९९६ मध्ये लॅरी युइंग यांनी गिंप हे चित्रकामाचं मोफत सॉफ्टवेअर वापरून काढला. तो वापरायला आणि बदलायला त्यांनी परवानगी दिली आहे. कुणी विचारलं तर त्यांचं आणि गिंपचं नाव सांगायचं एवढीच अट. टक्स पेंट या मुलांच्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच पेंग्विन आहे. मुलांना प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या स्क्रॅचच्या मांजराची गोष्ट वेगळी. ते व्यापारचिन्ह आहे, आपल्या बोधचिन्हात घेता येणार नाही.

प्रश्न: नाव देवनागरीत लिहायचं आहे. इंग्रजी अक्षरांच्या लोगोंना लागणारे नियम इथे चालतात का?

अर्धेच चालतात. रोमन शब्द आडव्या पट्टीत बसतो. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार यांना जागा लागते. त्यामुळे ठरावीक उंचीच्या चौकटीत मूळ अक्षर रोमनपेक्षा लहान पडतं. आयकॉनमध्ये पूर्ण नाव घालू नका. फार तर पहिलं अक्षर घ्या. पूर्ण नाव चिन्हाच्या बाजूला किंवा खाली येईल, आणि त्या दोन्ही मांडण्या सुरुवातीलाच तयार ठेवा.

शिरोरेषा काढून टाकण्याचा मोह अनेकांना होतो, अक्षरं ‘आधुनिक’ दिसतात म्हणून. अक्षरओळख शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरने हे करू नये. म आणि भ, घ आणि ध या जोड्या ओळखायला शिरोरेषेतली फट हा मोठा आधार आहे. ‘धन’ आणि ‘घन’ यांतला फरक तुम्ही आत शिकवणार आणि बाहेर पाटीवरच तो पुसणार, हे मुलाशी बरोबर वागणं नव्हे. ‘ख’चे दोन भाग खाली जोडलेलेच ठेवा, नाहीतर ‘रव’ वाचलं जातं.

ल आणि श तपासा. पुष्कळ देवनागरी फॉन्ट आपणहून हिंदी वळणाचे ल, श देतात. मराठी वळण फॉन्टमध्ये असतं, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवल्यावरच ते येतं. इंकस्केप या चित्र काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मजकुराच्या गुणधर्मांत भाषेची नोंद करता येते. तरीही वळण बदललं नाही, तर त्या फॉन्टमध्ये ते नाही असं समजून दुसरा घ्या. बालू आणि मुक्त हे दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतात. बालूची गोलसर, जाड अक्षरं मुलांच्या कामाला शोभतात, मात्र जोडाक्षरांच्या पोटातली जागा लहान मापात भरून जाते का ते पाहा.

आता नेहमीचे दोन घोटाळे. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांची माळ होतो. अंतर हवंच असेल तर अक्षरं आकृतीत बदलून मधली शिरोरेषा हाताने जोडा. दुसरा घोटाळा त्यानंतर होतो. इंकस्केपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी देऊन मजकूर आकृतीत बदलला, मग सगळं एकत्र करायला कंट्रोल-के दिलं, की जिथे दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर येतात तिथे पांढरी भोकं पडू शकतात. कारण ती आज्ञा आकार एकजीव करत नाही, एका वस्तूत नुसते बांधते. मग भरण्याचा नियम सम-विषम असला की दुहेरी झाकलेली जागा मोकळी सुटते. त्याऐवजी ‘युनियन’ वापरा, म्हणजे कंट्रोल आणि अधिकचं बटण.

प्रश्न: मुलांचं आहे म्हणून सातही रंग घ्यावेत का?

नाही. दोन रंग आणि पांढरा पुरतो. आकार काळ्यात पक्का होईपर्यंत तर एकही रंग नको.

शुगर या मुलांसाठीच्या संगणक-व्यवस्थेचं चिन्ह पाहा: एक्सच्या वर ओ, म्हणजे हातपाय पसरलेलं मूल. त्यातला कडेचा आणि पोटातला रंग प्रत्येक मुलासाठी वेगळा असतो, तरी चिन्ह तेच राहतं. ओळख आकाराने धरलेली असली की रंग मोकळे होतात.

उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. इतरत्र प्रमाण कमी-जास्त आहे, पण वर्गातल्या एखाद्या मुलाला ही अडचण असेलच असं धरून चालावं. शुद्ध लाल आणि गडद हिरवा यांच्या उजेडातलं गुणोत्तर जेमतेम १.३ भरतं. वेबवरील सुलभतेच्या नियमावलीत अर्थवाही चित्रांसाठी निदान ३ मागितलं आहे. बोधचिन्हांना त्यात सवलत आहे, पण इथे ती घेऊ नका, कारण हे चिन्ह मुलाला बटण म्हणून दाबायचं असतं. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा १.०७, म्हणजे जवळपास अदृश्य. तोच पिवळा गडद निळ्यावर ठेवला तर सुमारे १५. चित्र करड्या छटांत बदलून बघितलं की आकडे न मोजताही बरंच कळतं.

छापायचं असेल तर भडक हिरवा, नारिंगी आणि जांभळा हे पडद्यावर दिसतात तसे चार शाईंच्या छपाईत उतरत नाहीत, मंदावतात. मुख्य रंग ठरवण्याआधी एक नमुना छापून घ्या.

प्रश्न: आमच्या सशाचे कान काही फोनवर कापले जातात, काहींवर नाही. आयफोनवर कोपऱ्यांत काळे त्रिकोण येतात.

अँड्रॉइडच्या ८.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, आयकॉनचा बाहेरचा आकार फोन ठरवतो: कुठे वर्तुळ, कुठे गोलसर चौकोन. तुम्ही दोन थर द्यायचे, पार्श्वभूमी आणि चित्र. दोन्ही १०८ बाय १०८ एककांचे. त्यातले मधले ७२ एकक दिसतात, उरलेले फोनच्या हालचालींसाठी राखीव. कोणत्याही आकारात कापलं जाणार नाही असा भाग म्हणजे मधलं ६६ एकक व्यासाचं वर्तुळ. ५१२ च्या हिशेबात ते सुमारे ३१३ होतं. सशाच्या कानांची टोकं या वर्तुळाच्या आत आली पाहिजेत. चौकोनात मावतात एवढ्यावर थांबू नका, कारण कान नेमके कोपऱ्यांकडे जातात. ससा लहान वाटायला लागला तर कान वाकवा. एक कान दुमडलेला ससा वर्तुळात छान बसतो आणि जास्त लक्षात राहतो.

पार्श्वभूमीचा थर मात्र १०८ एकक पूर्ण भरलेला हवा. तिथे आपणच वर्तुळ काढून ठेवलं की फोनच्या कापणीनंतर वर्तुळात वर्तुळ दिसतं.

आयफोनसाठी १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं पूर्ण चौकोनी चित्र द्या, पारदर्शक भाग नको आणि कोपरे स्वतः गोल करू नका. तुमचे काळे त्रिकोण म्हणजे आधीच गोल केलेल्या कोपऱ्यांची पारदर्शक जागा. प्ले स्टोअरला ५१२ बाय ५१२ ची पीएनजी लागते, १०२४ केबीच्या आत. विंडोजच्या आयसीओ फाइलमध्ये १६, २४, ३२, ४८ आणि २५६ अशी मापं भरून ठेवा. लिनक्ससाठी ४८ ची पीएनजी आणि एक एसव्हीजी, म्हणजे कितीही लहान-मोठी करता येणारी रेषाकृतींची फाइल, दिलीत तर बहुतेक काम भागतं.

अँड्रॉइड १३ पासून एकरंगी थरही देता येतो. त्यात रंग फोन भरतो, तुम्ही फक्त आकार देता. छटांवर उभं असलेलं चित्र इथे सपाट ठोकळा होतं. डोळे आणि नाक रंगाने न काढता आरपार भोकांनी काढा.

१६ आणि २४ पिक्सेलची चित्रं मोठ्या चित्रातून आपोआप लहान करू नका, वेगळी काढा. मिशा, गालांवरची लाली गाळा, डोळे एक पिक्सेलने वाढवा, उभ्या-आडव्या कडा पिक्सेलच्या रेषेवर बसवा. आणि वर्तुळ चौकोनाएवढं काढलं की डोळ्याला लहान वाटतं. गुगलच्या मटेरियल चिन्हांच्या जाळीत म्हणूनच २४ च्या चौकटीत चौरस १८ चा आणि वर्तुळ २० व्यासाचं धरतात.

प्रश्न: एसव्हीजी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरं बदलतात, आणि लहान केली की रेघा जाड होतात.

फाइलमध्ये फॉन्ट नसतो, फक्त त्याचं नाव असतं. दुसरीकडे तो नसला की जो सापडेल तो लावला जातो. मजकूर आकृतीत बदला, पण त्याआधी बदलता येणारी मूळ प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवा. जोडाक्षर दुरुस्त करायची वेळ येतेच. रेघा जाड होतात कारण चित्राबरोबर रेघेची जाडी बदलण्याची सोय बंद असते, मग चित्र लहान झालं तरी जाडी तीच राहते. इंकस्केपमध्ये कंट्रोल-ऑल्ट-सी देऊन रेघांचंही आकृतीत रूपांतर करा. धूसर सावली, चकाकी असे परिणाम काढून टाका. ते प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या परीने दाखवतं. शेवटी ‘साधी एसव्हीजी’ म्हणून साठवा.

प्रश्न: चिन्ह मुलांना दाखवलं तर सगळी ‘आवडलं’ म्हणतात. खरं कसं कळणार?

मोठ्या माणसाने प्रेमाने विचारलं की मूल हो म्हणतं. आवडीचा प्रश्न विचारूच नका, काम द्या.

बारा चिन्हांचा पडदा छापा, प्रत्येक चिन्ह साधारण एक सेंटिमीटरचं, त्यात तुमचं एक आणि निदान तीन त्याच रंगाची. मुलाला तुमचं चिन्ह पाच सेकंद दाखवून झाका आणि पडद्यावर शोधायला सांगा. किती वेळ लागला आणि आधी कोणत्या चुकीच्या चिन्हावर बोट गेलं, दोन्ही लिहा. चुकीचं बोट जास्त मोलाचं, कारण तुमचं चिन्ह कशासारखं दिसतं ते त्यातून कळतं. चिन्हांच्या जागा दर वेळी बदला. मुलं एकेकटी बसवा. गटात पहिलं मूल बोलतं आणि बाकीची मान डोलावतात.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना चिन्ह आठवून काढायला सांगा. सहा-आठ मुलांच्या चित्रांत जे भाग पुन्हा पुन्हा येतात, तेच तुमचं चिन्ह. जे कुणीच काढलं नाही ते काढून टाकता येतं का पाहा. ‘हे काय आहे?’ असंही विचारा आणि उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवा. सशाला मूल ‘दोन केळी’ म्हणालं, तर ते हसण्यावारी नेऊ नका; कान खरोखर तसे दिसत असतील.

सात-आठ वर्षांच्या मुलांना वेगळं बसवा. ‘हे बारक्यांचं आहे’ असं ती म्हणाली, तर गाल कमी फुगवा, रंग गडद करा. लहान मुलं त्याने बिचकत नाहीत, पण मोठी मुलं बाळबोध चिन्हाकडे वळूनही बघत नाहीत.

प्रश्न: स्पर्धा घेऊन लोकांकडून चिन्हं मागवली. परवान्याचं काय पाहावं?

नियम स्पर्धेआधी लिहा, निकालानंतर नाही. चित्र स्वतः काढलेलं आहे, कुठून काही घेतलं असेल तर मूळ आणि त्याचा परवाना सांगितला आहे, आणि प्रकल्पाला ते बदलण्याचा हक्क आहे, एवढं लेखी घ्या. मूळ एसव्हीजी मिळालीच पाहिजे. नुसत्या पीएनजीवर निकाल लावू नका. ‘मोफत’ असं लिहिलेलं चित्र अव्यावसायिक वापरापुरतं असेल, किंवा बदल करायला बंदी असेल, तर मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ते अडकतं.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे आपलं काम इतरांना वापरू देण्याचे तयार परवाने कॉपीराइटपुरते असतात, व्यापारचिन्हाचे हक्क त्यात दिले जात नाहीत. म्हणजे चित्र सर्वांना खुलं ठेवूनही ‘हे आमच्या प्रकल्पाचं चिन्ह आहे, दुसऱ्या सॉफ्टवेअरवर लावू नये’ असं वेगळ्या पानावर लिहिता येतं. लिहाच, कारण आईवडील चिन्ह बघून सॉफ्टवेअर उतरवून घेतात. एसआयएलच्या ओपन फॉन्ट परवान्याखालचा फॉन्ट बोधचिन्हात वापरायला मोकळीक आहे.

प्रश्न: गटात मतदान घेतलं, चार चिन्हांना सारखी मतं पडली. चारही मिसळून एक करावं का?

मिसळू नका, पहिल्या प्रश्नातलं पुस्तक-गोल-पेन्सिल असंच जन्माला येतं. चारही चिन्हं १६, ४८ आणि २५६ पिक्सेलवर, रंगीत आणि एकरंगी, पांढऱ्या आणि काळ्या पार्श्वभूमीवर एका कागदावर छापा. दोन तरी तिथेच गळतील. उरलेल्यांना बारा चिन्हांच्या पडद्यावर मुलांपुढे ठेवा आणि निकाल मानायचं आधी ठरवा.

प्रश्न: सहा वर्षं जुनं चिन्ह बदलायचं आहे. मुलं गोंधळतील का?

आकार आणि रंग दोन्ही एकदम बदलले तर नक्की. वाचता न येणाऱ्या मुलाला सॉफ्टवेअर पडद्यावरून गायब झाल्यासारखंच वाटतं. एका आवृत्तीत आकार बदला आणि पार्श्वभूमीचा रंग तोच ठेवा. रंग बदलायचा तो पुढच्या आवृत्तीत. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडल्यावर जुनं चिन्ह नव्यात बदलताना दोन-तीन सेकंद दाखवा, शब्दांशिवाय. शाळेतल्या संगणकांवर जुने शॉर्टकट तसेच राहतात, त्यामुळे जुन्या आयकॉनची फाइल काढून टाकू नका, त्याच नावाने नवं चित्र ठेवा. विंडोज जुनं चित्र साठवून ठेवतं, म्हणून संगणक बंद करून सुरू केल्यावरच काही ठिकाणी बदल दिसेल, हे शिक्षकांना आधी कळवा.